टॉवेलाआडचा वॉकमन

वाळत घातलेल्या मिरचीचा ठसका लागला की मला थेट इंग्लंड आठवतं. आता हसा खुशाल. नंदुरबारला मिरची वाळवायच्या पथारीला लागूनच माझ्या मित्राचं घर होतं. कॉलेजात असताना त्याचे वडील अचानक गेले, आणि आठवडा होत आला तरी तो रडला नव्हता. दारावर बसायला आलेल्या बायका कुजबुजत, "पोऱ्याना जीव दगड हुई गया." सुतकाच्या घरात रेडिओसुद्धा बंद. मी मात्र त्याच्या मुंडण केलेल्या डोक्यावरच्या टॉवेलाआड हळूच वॉकमन सरकवला. आत वडिलांनीच शेवटच्या खेपेला सुरतहून त्याच्यासाठी आणलेली कॅसेट होती, इंग्लंडातल्या एका गिरणगावच्या बँडचा पहिलाच अल्बम. एक कान त्याचा, एक माझा. काय ती गिटारींची गर्जना, आणि गाणारा एकेक शब्द असा ताणायचा, जणू गिरण्यांच्या त्या पावसाळी गावाचा राजा तोच. मित्राचा पाय ठेका धरू लागला आणि नेमके त्याचे मामा समोर येऊन बसले. त्यांनी माझ्या कानातला इअरफोन काढून स्वतःच्या कानाला लावला. "हाऊ मानूस गाई ऱ्हायना का रडी ऱ्हायना?" मामांनी विचारलं. "दोन्ही, मामा," मित्र म्हणाला, आणि त्याला असा हुंदका फुटला की सगळं अंगण वळून बघू लागलं. मामांनी टॉवेल ओढून वॉकमन नीट झाकला आणि लोकांकडे वळून म्हणाले, "रडू द्या त्याले." परवा माझ्या मुलीने तोच अल्बम फोनवर लावला. "किती मस्तीत गातो ना, बाबा?" मी हो म्हटलं. बाप गेलेल्या पोराच्या कानाला तो आवाज कसा लागतो, हे तिला कळायची मला घाई नाही.