पांगाऱ्याचे पंख

जनी भाट्याच्या खाडीकाठी राहायची. जाळं पाण्यावर तरंगावं म्हणून त्याला बांधतात ते लाकडी गोळे ती पांगाऱ्याच्या हलक्या लाकडातून कोरायची. त्र्याऐंशी साली बंदरात प्लास्टिकचे गोळे आले आणि सहा महिन्यांत तिच्याकडे कुणी फिरकेना.

फिरकल्या त्या वासंती तोरस्कर. त्या रत्नागिरीतल्या एका कॉलेजात शिकवायच्या आणि मुंबईच्या एका प्रयोगशाळेत विमानाच्या लवचीक पंखांवर संशोधन करायच्या. वेग वाढला की असा पंख आधी वाकतो, मग थरथरतो आणि एका ठरावीक वेगाला स्वतःलाच झोडपून मोडतो. तो वेग गणिताने आधीच सांगता येतो का, हे त्यांना पाहायचं होतं. नमुन्याच्या पंखासाठी लागणारं परदेशी लाकूड मिळेना, म्हणून त्या पांगाऱ्याच्या शोधात आल्या होत्या.

"अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर बारा तुकडे बसवायचेत. मापं या कागदावर आहेत. जमेल, जनीताई?"

"नाय जमायला काय झालं?"

तीन आठवडे घासून तिने पंख केला. तुकडे एकमेकांना असे चिकटवले की मधे नख शिरणार नाही. वासंतीबाईंनी टोकाला वजन टांगलं. पंख हलेनाच.

"फट ठेवायला हवी होती. वाकायचं ते पट्टीने, लाकडाने फक्त आकार द्यायचा. लाकूड लाकडाला टेकलं की पंख ताठ होतो."

"फट ठेवली तर लोक हसतील मला," जनी म्हणाली. तिला राग आला होता. तरी बाई गेल्यावर तिने तो पंख स्वतःच फोडला आणि पट्टी सोडवून नवा ओंडका घेतला. या वेळी दर दोन तुकड्यांत माडाच्या झावळीतल्या हिराएवढी बारीक फट ठेवली.

पंखाची पेटी मांडीवर घेऊन ती बाईंबरोबर एस.टी.ने मुंबईला गेली. प्रयोगशाळेत यंत्राने जोराचा वारा सोडतात त्या बोगद्यात पंख बसवला. वारा वाढत गेला. पंख वर वाकला, थरथरला आणि एकाएकी असा फडफडायला लागला की जनी ओरडली, "बंद करा!" तोवर तुकडे बोगद्याच्या टोकाच्या जाळीवर आदळले होते.

वासंतीबाई आकडा लिहून घेत होत्या. त्या हसत होत्या. "गणिताने सांगितला होता, जवळजवळ त्याच वेगाला मोडला!"

"मोडायचाच होता, तर एवढा घासून कशाला घेतलात?"

"ओबडधोबड असता, तर कशाने मोडला ते कळलं असतं का?"

जनी जाळीपाशी गेली. मग जाळीवरचे तुकडे वेचत म्हणाली, "दुसरा कधी हवा?"

दुसरा मोडला, तिसरा, चौथाही. पाचव्याच्या वेळी पटाशी उजव्या अंगठ्यात घुसली. टाके पडले, तरी डाव्या हाताने घासत तिने तो वेळेत दिला. तोही मोडला. सहावा फडफडून मोडू नये म्हणून त्याला बाईंच्या हिशेबाने टोकाजवळ, पुढच्या कडेला शिसं बसवायचं होतं. ते तिने स्वतः वितळवून ओतलं.

या वेळी वारा पूर्ण सोडला. पंख वाकला, थोडा थरथरला आणि तसाच राहिला. दहा मिनिटं झाली. जनी बोगद्याच्या काचेला नाक लावून उभी होती.

"हा नाय मोडत," ती म्हणाली.

"नाही मोडत," बाई म्हणाल्या. "आता असाच, पण दीड हात लांब करू या."

"मग पट्टी जाड लागेल. घेऊनच जाऊ इथून."

पुढे कॉलेजने जनीला कार्यशाळेत रोजंदारीवर घेतलं. अठ्ठ्याऐंशी सालापर्यंत तिने एकवीस पंख केले. त्यातले नऊ टिकले.