मातीसकट वजन

“आधी झाका ते.”

मी बाटली काउंटरवर ठेवली रे ठेवली की हवालदारसाहेबांचा रुंद पंजा तिच्यावर पडायचा. मग ते डावीकडे बघायचे, उजवीकडे बघायचे आणि पंजासकट बाटली उचलून पिशवीत मेथीच्या जुडीखाली सरकवायचे. ती मेथी ते आमच्या दुकानात यायच्या आधी मंडईतून मुद्दाम विकत घ्यायचे. त्यांच्या घरात मेथी कुणालाच आवडत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

बारामतीत मंडईच्या मागच्या गल्लीत आमचं आयुर्वेदिक औषधांचं दुकान आहे. आतल्या खोलीत वैद्य बसतात, काउंटरला मी. लाजणारी गिऱ्हाइकं तुम्हीही पाहिली असतील. मूळव्याधीचं मलम मागताना आवाज खाली जातो, केस काळे करायचं तेल ‘मेव्हण्यासाठी’ लागतं. पण मिशा राखलेला, सगळी नोकरी पोलिसात काढलेला माणूस चोरासारखा उभा राहिलेला मी तरी दुसरा पाहिला नाही. ते आता नाहीत. असते तर मी हे लिहीत असताना या कागदावरही त्यांनी पंजा ठेवला असता.

ते इंदापूर तालुक्यातले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी गावाला ते हवालदारच होते. दारू पिऊन भांडणारे तेव्हाही त्यांच्या घरावरून जाताना आवाज कमी करायचे, असं त्यांची सून सांगायची.

त्यांच्या बायकोला, काकींना, नागीण झाली होती. फोड वाळले, खपल्या पडल्या, पण आग राहिली. पाठीपासून छातीपर्यंतचा एक पट्टा असा जळायचा की पदर लागला तरी त्या कळवळायच्या. डॉक्टरांनी नसांवरची गोळी दिली होती. तिनं थोडं भागायचं, पुरतं नाही. शेवटी वैद्यांनी त्यांना तपासलं, चालू गोळ्या बघितल्या आणि विजयाचं तेल लिहून दिलं.

“विजया म्हंजे?” हवालदारांनी चिठ्ठी पुढं करत विचारलं.

“भांगेच्या झाडाचा अर्क, साहेब. परवान्याचं औषध आहे, वैद्यांच्या चिठ्ठीवर देतो आम्ही.”

त्यांनी चिठ्ठी परत घेतली, घडी घातली, खिशात ठेवली आणि दुकानाच्या पायऱ्या उतरून गेले. मला वाटलं, गेलं हे गिऱ्हाईक.

पुढच्या बाजाराला ते परत आले. डोळे तांबारलेले. “ताई, काल पातळ नेसताना रडली ती. कधी रडणारी बाई न्हाय. द्या ते.” आणि मी बाटली ठेवताच, “आधी झाका.”

घरी त्यांनी सांगितलं की हा नागवेलीचा अर्क आहे. नागिणीवर नागवेल! काकींनाही पटलं, सुनेलाही पटलं. कुणी वाचू नये म्हणून बाटली पाण्यात भिजवून लेबल नखानं खरवडून काढायचे. ही युक्ती त्यांनी मला मोठ्या हुशारीनं सांगितली आणि आम्ही दोघंही हसलो.

गुण आला, पण चमत्कार म्हणावा असा नाही. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, “आग हाय म्हणती, पर शेजारच्या घराला लागल्यावानी. झोप लागती आता.”

मग एक दिवस ते भलतेच खुशीत आले. पिशवीतून स्वतःच एक बाटली काढली आणि चक्क उघड्यावर ठेवली. फोनवर जाहिरात बघून मागवली होती. लेबलवर मोठा आकडा, पाच हजार मिलीग्रॅम. आमच्या बाटलीवर नऊशे, आणि किंमत याच्या दुप्पट.

“तुमी लुटताय व्हय आमाला?” मिशीतून हसत त्यांनी विचारलं.

मी लेबल वाचलं. “साहेब, हे बियांचं तेल आहे. तिळाचं, करडईचं असतं तसं. चटणीवर घ्या, चांगलं लागेल. पण काकींना ज्याचा गुण येतो त्याला सीबीडी म्हणतात. ते पानाफुलांत असतं, बीमध्ये जवळजवळ नसतंच.”

“मग हे पाच हजार कशाचं?”

“नुसत्या तेलाचं वजन लिहिलंय. औषध किती ते कुठंच नाही.”

मी आमची बाटली काढली आणि त्यांना हिशेब करून दाखवला. तीस मिली तेल, त्यात सीबीडी नऊशे मिलीग्रॅम, म्हणजे एका मिलीत तीस. काकींना लागतात पंधरा, म्हणून एक मिलीची नळी अर्धी भरायची. प्रयोगशाळेच्या तपासणीचा दाखला मिळतो तोही याच आकड्याचा बघायचा. “बाटलीचं वजन धरायचं नाही साहेब, आतल्या औषधाचं धरायचं. सगळ्यासकट धरलं तर आकडा कितीही फुगवता येतो.”

हे मी सहज बोलले होते. पण त्यांचं हसू मिशीतच विझलं. त्यांनी ती बाटली हातात घेतली आणि बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले.

“मातीसकट,” ते पुटपुटले.

“काय साहेब?”

ते स्टुलावर बसले. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. आवाज इतका खाली गेला की मला काउंटरवर वाकावं लागलं.

“मोरगावच्या पल्याड माळावर एक वस्ती हाय. मेंढपाळाची. त्याच्या वाड्याच्या कुपाटीला गांजाची दोन झाडं होती. मेंढरांची पोटं फुगली की पाला द्यायचा. आमाला वरनं दट्ट्या होता, केस दावा म्हणून. आदल्या दिशी पाऊस पडल्याला. मी झाडं मुळासकट उपटली, चिखलासकट पोत्यात घातली, आन् तसंच वजन केलं. कलम वजनावर ठरतंय, ताई. हलकं लागायचं ते भारी लागलं.”

“तो काही बोलला नाही?”

“बोलला की. म्हणला, साहेब, माती तरी झाडा.” त्यांनी बाटली काउंटरवर ठेवली. “मी म्हणलं, गप उभा ऱ्हा. बाजाराच्या दिशी हाताला दोरी लावून चालवत न्हेला त्याला. जामीन मिळंस्तवर घरच्यांनी मेंढरं इकली. मला शाबासकी मिळाली.”

मी उगाच बरणी पुसत राहिले. ज्या झाडासाठी त्या माणसाला दोरी लावली, त्याच झाडाचा अर्क परवाना लावून मी रोज या काउंटरवरून विकते. माझेही कान गरम झाले होते.

थोड्या वेळानं त्यांनीच विषय झटकला. “बरं, मग स्वस्त काय पडतंय ते सांगा.”

मी दुसरी बाटली दाखवली. तेवढीच, तीस मिलीची, पण तीन हजार मिलीग्रॅमची. किंमत दुपटीहून थोडी जास्त आणि औषध तिपटीहून जास्त, म्हणजे मिलीग्रॅममागे स्वस्त. वैद्यांना विचारलं. ते म्हणाले, चालेल, पण मात्रा तीच राहिली पाहिजे. मी नळीतून थेंब पाडून दाखवले. रेघेपर्यंत भरली की वीस थेंब. जुन्या बाटलीचे दहा थेंब, तेच या बाटलीचे तीन. “तीनच,” मी पुन्हा म्हटलं. ते मान हलवत होते, पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं, हे आता कळतं.

काही दिवसांनी दुपारी त्यांचा फोन आला. आवाज ओळखूच येईना.

“ताई, तुमची काकी उठंना. उठवलं तर वकती, परत डोळं मिटती. अंगणात पडली बी. हितं दवाखान्यात आनलीय. डॉक्टर म्हणत्यात झटका असंल, डोक्याचा फोटो काढू.”

“तेल कुठलं दिलं होतं?”

“मी घरी नव्हतो. मोरगावला गेल्तो.” त्यांचा श्वास ऐकू येत होता. “सुनंला म्हणलं होतं, रोजच्यासारखी अर्धी नळी दे. जुनी बाटली सरली व्हती. तिनं नवी फोडली. दोन्हीची लेबलं मीच खरवडलेली, तिला कसं कळावं?”

पंधराच्या जागी पन्नास गेले होते आणि वर नसांची गोळी. “डॉक्टरांना सांगितलंत ना?”

पलीकडे चपला फरफटल्या, ते कोपऱ्यात सरकले असावेत.

“साहेब?”

“इचारलं त्यांनी, आणखी काय देता म्हणून. मी न्हाय म्हणलो.” मग घाईघाईनं, “हितं पोरगा हाय, सून हाय. वळखीचा शिपाई हाय, त्यानं सॅल्यूट घातला मला.”

“आत्ता आत जा,” मी ओरडलेच. “भांगेचा अर्क, पन्नास मिलीग्रॅम, असं मोठ्यानं सांगा. बाटली त्यांच्या हातात द्या.”

फोन बंद करायचं त्यांना सुचलं नसावं. खिशात कापड घासल्याचा आवाज आला, चपला वाजल्या, दार ढकललं गेलं. मग त्यांचा आवाज आला. दुकानात कधी ऐकला नव्हता असा.

“डॉक्टरसाहेब, हिला भांगेचा अर्क दिलाय. पन्नास मिलीग्रॅम. माझ्यामुळं जास्त गेलाय. मगाशी तुमी इचारलं तवा मी खोटं बोललो.”

मग कुणीतरी फसकन हसलं. मग सुनेचा आवाज, “मामंजी, नागवेल म्हणला होता की!” आणि फोन कट झाला.

डॉक्टरांनी सलाइन लावलं, लक्ष ठेवलं. संध्याकाळी काकी बोलायला लागल्या. दुसऱ्या दिवशी घरी गेल्या.

आठवड्याभरानं काकी स्वतः आल्या. बारीक अंगाच्या, डोक्यावरून पदर घेतलेल्या, तोही दुखऱ्या बाजूला लागणार नाही असा धरलेला. हवालदार पायरीखाली उन्हात उभे राहिले. मी ‘या ना आत’ म्हटलं तर काकीच म्हणाल्या, “ऱ्हाऊद्यात तिथं.”

वैद्यांनी मात्रा पुन्हा ठरवून दिली आणि जुन्याच ताकदीची बाटली लिहिली. काकींनी माझ्या हातातून नळी घेतली. “दावा मला, कसं मोजायचं.” मी दाखवलं. त्यांनी झाकणात एकेक थेंब पाडला, ओठ हलवत, जपाला बसल्यासारखं. मग म्हणाल्या, “भांग पाजली त्याचं मला कायबी न्हाय वाटलं, ताई. माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणूनच पाजली. पर मला सांगितलं असतं तर लेबलं कशाला खरवडायची होती? मी का वाचणार न्हाय? सातवी शिकलीय मी.” आणि दाराकडे बघत, बाहेर ऐकू जाईल अशा बेतानं, “ह्यांचा आकडाच मातीसकट असतुया.”

म्हणजे त्यांनी घरी सगळं सांगितलं होतं. उन्हातल्या त्या माणसाची मान आणखी खाली गेली.

त्या दिवशी ते मोरगावकडे का गेले होते तेही काकींनीच सांगितलं. ती वस्ती सापडली होती. मेंढपाळ हयात होता, म्हातारा झालेला. हे फाटकात दिसताच तो बाजेवरून धडपडत उठला, हात जोडले आणि म्हणाला, “साहेब, आता काय न्हाय हो माझ्याकडं. मेंढरं बी न्हाईत.” एवढं ऐकून हे पाणीसुद्धा न घेता माघारी फिरले आणि घरी येऊन बघतात तर काकी अंगणात.

“मग आता?” मी विचारलं.

“आता मी न्हेनार हाय,” काकी म्हणाल्या.

आणि त्यांनी नेलं. एसटीनं, पट्ट्याची आग सोसत. म्हातारा पुन्हा उठून उभा राहिला, पुन्हा हात जोडले. काकींनी पुढं होऊन ते हात धरले आणि खाली केले. “तुमी न्हाय, भाऊ. हात ह्यांनी जोडायचं हाईत.” हवालदारांनी हात जोडले. म्हाताऱ्यानं माफ केलं का? काकी म्हणाल्या, तसं काही तो बोलला नाही. बसा म्हणाला, सुनेला चहा ठेवायला सांगितला आणि सगळा वेळ पावसापाण्याचं बोलत राहिला. येताना एसटीत हवालदार खिडकीकडे तोंड करून बसले ते भिगवण येईपर्यंत.

पुढं काकींची आग हळूहळू ओसरली. वैद्यांनी थेंब कमी करत करत तेल बंद केलं. हवालदारांचं येणं थांबलं. दिवाळीनंतर त्यांचा मुलगा काकींच्या रक्तदाबाची चौकशी करायला आला, तेव्हा ते गेल्याचं कळलं. छातीत कळ आली आणि दवाखान्यात न्यायच्या आत संपलं.

पण मला ते शेवटचे दिसले त्याच्या काही महिने आधी. मोरगावच्या म्हाताऱ्याला घेऊन आले होते, गुडघे दाखवायला. दोघं बाकावर बसले, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. केसपेपर करताना मी म्हाताऱ्याचं नाव, गाव विचारलं. मग नेहमीचा प्रश्न विचारला, “बरोबर कोण आलंय? नातं काय लिहू?”

हवालदार स्वतःच्या चपलांकडे बघत राहिले. म्हाताऱ्यानं वळून त्यांना एकदा नीट न्याहाळलं, जरा जास्तच वेळ. मीही पेन धरून थांबले.

“लिव्हा की,” म्हातारा म्हणाला. “पाव्हणं हायत आमचं.”

आतून वैद्यांनी हाक मारली. म्हाताऱ्यानं उठायला आधार शोधला, तर हवालदारांनी खांदा पुढं केला. तो हाताला पुरेना म्हणून ते वाकले, आणि आतल्या खोलीच्या दारापर्यंत तसेच वाकून चालत गेले.