वरच्या मजल्यावर बदली

तनुजाच्या संसाराला पाय फुटलेत, असं तिची सासू सारजाबाई म्हणायची. वैजापूरची ही पोरगी लग्न करून निघाली ती पठाणकोट, जोरहाट, जोधपूर करीत अर्धा देश फिरली, कारण नवरा काकासाहेब फौजेत. दर दोन-तीन वर्षांनी हुकूम यायचा, काळ्या पेट्या भरल्या जायच्या आणि क्वार्टरच्या अंगणात लावलेली मिरची मागं राहायची. पुढच्या गावी ती पुन्हा मिरची लावायची. शेवटचं रोप लगडलं, की तोडणीच्या आत बदली ठरलेलीच. कुणा हवालदाराची बायको खात असेल, अशी तिनं मनाची समजूत घातलेली होती.

काकासाहेब सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि उत्तरेचा मुलूख सोडून बिऱ्हाड खाली दख्खनला आलं. देवगाव रंगारीची शेती भाऊ बघत होता, म्हणून यांनी शहरात, गारखेड्यात दोन मजली घर घेतलं. खाली राहायचं आणि वरचं पुढं बघू, असं ठरलं. तनुजानं अंगणात मिरची लावली आणि नवऱ्याला बजावलं, "इथल्या मिरच्या शेवटपर्यंत मीच खाणार."

सुरुवातीला काकासाहेब खुशीत होते. गल्लीतल्या झाडांच्या बुंध्यांना त्यांनी चुना आणि गेरू लावला. कुणी काही बोललं नाही, तेव्हा शेजारच्यांच्या पायरीलाही लावला. पण तिसरा उन्हाळा लागला आणि बिघडलं. अन्न जाईना. सकाळी फाटकाशी उभे राहून रस्त्याकडं बघत. पोस्टमन दिसला की ताठ होत, तो दुसरीकडं वळला की सैल पडत. रिकाम्या पेट्यांच्या कुलपांना तेल घालत बसत. डॉक्टरांनी रक्त तपासलं, छाती तपासली आणि सांगितलं, "सगळं उत्तम आहे. जरा हवापालट करा."

तनुजाला दुखणं ठाऊक होतं. तिसरं वर्ष लागलं की या माणसाच्या तळपायाला खाज सुटायची आणि हुकूम आला की थांबायची. आता हुकूम देणारंच कुणी उरलं नव्हतं.

एके दिवशी सकाळी चहा देताना ती म्हणाली, "अहो, बदली झाली आपली."

काकासाहेबांनी बशी खाली ठेवली. "कुठं?"

"वरच्या मजल्यावर."

लेक संस्कृतीनं हसू दाबायला तोंडावर ओढणी धरली. आता हा माणूस एक तर हसेल नाही तर भडकेल, असं तनुजाला वाटलं. काकासाहेबांनी छताकडं पाहिलं.

"फॅमिली न्यायला परवानगी हाय का?"

"व्हय. हाय की."

"मग सोमवारी निघू," ते म्हणाले आणि फोडणीचे पोहे मागून घेतले.

चार दिवस बांधाबांध चालली. खालच्या भिंतींना त्यांनी सफेदी मारली, फरशी घासली, नळाचे वायसर बदलले. पुढं येणाऱ्यानं नाव ठेवता कामा नये. पुढं येणार कोण, हे तनुजानं विचारलं नाही. सोमवारी संस्कृती दोन उशा घेऊन जिना चढू लागली, तर त्यांनी अडवलं.

"असं थेट जिन्यानं नाय न्यायचं सामान. बदली हाय ही. दिवाळीची झाडलोट नाय."

टेम्पो आला. कडुबा टेम्पोवाल्यानं पेट्या चढवल्या, दोर आवळले आणि विचारलं, "कुठं उतरवायचं, साहेब?"

"इथंच."

"इथून तर उचललं आत्ता."

"संध्याकाळपर्यंत पोचलो पाहिजे," काकासाहेब म्हणाले. कडुबानं एकवार तनुजाकडं पाहिलं. तिनं मान हलवली. मग त्यानंही जास्त विचार केला नाही.

शेजारचे मधुसूदन पाठक आणि मीनाक्षीताई निरोप द्यायला फाटकाशी आले. मीनाक्षीताई खरं तर गंमत बघायला आल्या होत्या. पण तनुजाच्या ओटीत नारळ घालताना त्यांनी पदरानं डोळे टिपले. "आठवण ठेवा हो," त्या म्हणाल्या, आणि तनुजाच्याही डोळ्यांना पाणी आलं. घर सोडताना ते यायचंच, डोळ्यांना सवय होती.

टेम्पो क्रांती चौकातून दौलताबादच्या रस्त्याला लागला. किल्ल्याच्या अलीकडं एका चिंचेखाली त्यांनी पुरी-भाजी खाल्ली. काकासाहेबांनी कडुबाला जोधपूरच्या वाळूतल्या गोष्टी सांगितल्या. कैक दिवसांनी ते एवढं बोलत होते. उन्हं कलल्यावर टेम्पो परत फिरला आणि गारखेड्यात त्याच फाटकाशी येऊन थांबला.

मधुसूदनराव अजून बाहेरच होते. ते कॉलेजात तर्कशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, नेमका बोलणारा माणूस. काकासाहेब उतरताच पुढं होऊन म्हणाले, "नवीन आलात का? पाण्याचं एक सांगतो, नळ रोज येत नाही. टाकी भरून ठेवत जा."

"शुक्रिया. आधी होतो तिथंबी असंच होतं," काकासाहेब म्हणाले.

त्या रात्री त्यांनी तीन भाकरी खाल्ल्या आणि घोरले. आठवड्यात चेहरा भरला. इथली हवा कोरडी हाय, मानवली, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले. खालचे शेजारीही भले होते, पण इथं उजेड चांगला.

करमेना ते तनुजाला. ती गॅलरीत उभी राहून खालच्या अंगणातल्या मिरचीकडं बघायची. यंदाचं झाड लगडलं होतं. जिना उतरून चार मिरच्या तोडायला कुणाची बंदी होती? पण सोडलेल्या क्वार्टरमध्ये माघारी जायचं नसतं, हे तिच्या हाडात मुरलेलं. बदली आपणच काढली आणि आपल्यालाच बाधली, याचं तिला हसू यायचं आणि रागही.

मग देवगावहून सारजाबाई आली. तुमच्या फिरत्या घरात मी राहणार नाय, म्हणून आजवर ती एका रात्रीवर कधी टिकली नव्हती. खालचा घासूनपुसून ठेवलेला मोकळा मजला तिनं पाहिला.

"हे कोणाचं गं?"

"रिकामं हाय, आत्याबाई."

"मग मी ऱ्हाते. तुमचं काय, तुम्ही जाल कुठंबी."

काकासाहेबांनी आईला रीतसर ताबा दिला, नळ न् नळ फिरवून दाखवला. म्हातारीनं दुसऱ्याच दिवशी मिरच्या तोडल्या. तनुजा वरून बघत राहिली. मिरच्या गेल्या, पण इतकी वर्षं जिची नुसती कल्पना केली ती मिरच्या खाणारी बाई एकदाची डोळ्यांना दिसली होती.

पुढच्या महिन्यात मधुसूदनराव जिना चढून आले. काकासाहेब बाजारात गेले होते, तरी ते आवाज खाली आणून बोलले.

"वहिनी, आम्ही एकाच घरात तीस वर्षं आहोत. आमच्याही बदलीचं काही बघता का?"

"दोघांचं?" तनुजानं विचारलं.

मधुसूदनरावांनी नीट विचार केला. "मीनाक्षीला विचारून सांगतो," ते म्हणाले आणि चहाला थांबले नाहीत.