सासूबाईंची मशेरीची डबी

माझी सासू सकाळी डोळे पुरते उघडायच्या आधी मशेरीची डबी उघडायची. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड हिरड्यांवर घासल्याशिवाय तिला चहा गोड लागत नसे. व्हायचं तेच झालं. खालच्या पुढच्या दोन दातांची मुळं उघडी पडली. डहाणूच्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तोंडातल्या टाळूची पातळ चकती काढून हिरडीवर शिवू, नाहीतर दोन्ही दात जातील. सासूचा जीव त्या दातांत. नाचणीची भाकरी दातांनीच तोडून खायची. चहात कुस्करून देते म्हटलं तर तोंड फिरवायची.

"ठिगळ लावायचं म्हणा की," ती म्हणाली आणि तयार झाली.

टाके घालून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी दोन गोष्टी बजावल्या: मशेरी बंद, आणि ओठ ओढून टाके बघायचे नाहीत. एसटीने तलासरीला येईपर्यंत मी त्याच दोन गोष्टी चारदा ऐकवल्या. पण आमच्या पाड्यावर आजाऱ्याला बघायला यायचं म्हणजे खरोखर बघायचंच. येणारी प्रत्येक बाई म्हणे, "दाखव गं." मी खाटेशी बसून एकेकीला हाकललं. माझा स्वभाव तिखट आहे, आणि त्या दिवसांत तो कामी आला.

सहाव्या दिवशी सासूच्या कनवटीला डबी दिसली. माझं डोकंच फिरलं. विचारलं नाही, काही नाही, सरळ हनुवटी धरून ओठ खाली ओढला. मशेरी नव्हती. टाक्यापाशी रक्त मात्र आलं. सासूने डबी काढून माझ्या हातात दिली. घासूनपुसून स्वच्छ केलेली, आणि आत डॉक्टरांच्या गोळ्या.

"घ्यायला विसरायला नको म्हणून ठेवल्या," ती म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी डहाणू गाठलं. डॉक्टरीणबाईंनी तोंडात पाहिलं आणि विचारलं, "ओठ कोणी ओढला?"



"मीच ओढला," सासू म्हणाली. "म्हातारीला कुठला धीर? ही बिचारी दिवसभर राखण करते."

बाई तिला चांगल्याच रागावल्या. तिने खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं. एक टाका सुटला होता, पण नवी हिरडी धरली होती. दात वाचले.

परतताना एसटीत मी खिडकीकडे तोंड करून रडत होते. सासूने पदराने माझे डोळे पुसले.

"पुढच्या वेळी आधी विचार," ती म्हणाली. "मी आ करून दाखवीन."