चिकटवलेले डोळे

माझ्या लहानपणी पावसाळ्यात आमच्या हमरापूरच्या घरात कोरडा कोपरा एकच होता, आणि तो गणपतींचा. आई कारखान्यातून मूर्ती घरी आणायची आणि त्यांचे डोळे आखायची. आम्ही भावंडं गळक्या बाजूला झोपायचो. देवाचा रंग ओघळला तर मजुरी गेली. आमचा रंग काय, पक्का होता.

मी घरातली पहिली पदवीधर. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. रोह्याला कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे. नमुना यंत्रात ठेवते, बटण दाबते, आकडा येतो. रसायनशास्त्र यंत्राला येतं, सही मला येते.

तोच आजार आई आता कामाला जायची त्या मूर्तींच्या कारखान्यात पोचला. शेटने छापील डोळ्यांचे स्टिकर आणले. आईला म्हणाला, "काकी, आता तुम्ही सुपरवायझर. बसून पोरींवर लक्ष ठेवा." गळ्यात कार्ड आलं, बुडाखाली फिरती खुर्ची आली. सगळे गणपती एकदम ताठ समोर बघायला लागले, शाळेत साहेब तपासणीला आल्यासारखे.

पूर्वी भुवई केसभर चुकली तर आई जेवायची नाही, आणि आम्हालाही धड जेवू द्यायची नाही. आता तिच्या तोंडी एकच शब्द. स्टिकर तिरका लागला, "चालंल." घरी भात करपला, "चालंल गो." मला त्या शब्दाची धास्ती बसली. कंपनीत आम्ही दिवसभर तेच म्हणतो, फक्त इंग्रजीत: ओके.

गेल्या वर्षी चतुर्थी जवळ आली तेव्हा मी रजा टाकून आईचा डबा घेऊन कारखान्यात गेले होते. कोलाडची एक म्हातारी आपला पाट घेऊन मूर्ती न्यायला आली. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं.

"ह्यो माझ्याकडं बघतच नाय गो!"

शेट हसला. "आजी, फोटो काढून बघा. फोटोत झकास बघतो."

"मंग निवेद फोटोला दाखवू?"

आईचं "चालंल" ओठापर्यंत आलेलं मला दिसलं. पण तिने नखाने स्टिकर खरवडले, ब्रश मागवला आणि जमिनीवर मांडी घालून डोळे आखायला घेतले. मागच्या गिऱ्हाइकांनी आपापले पाट पुढे सरकवले. "आमचाबी कर गो!"

"काकी, सगळी लाइन खोळंबली!" शेट ओरडला. "सुपरवायझर कशाला केलंय तुम्हाला?"

"खुर्चीलाच कर सुपरवायझर," आई मान वर न करता म्हणाली. "बसून र्‍हायाला तिला माझ्यापेक्षा चांगलं जमतं."

हातातले डोळे पुरे करून ती माझ्याबरोबर घरी आली, ती परत गेली नाही.

आम्ही परसात पत्र्याची शेड घातली आणि आपलाच छोटा कारखाना सुरू केला. यंदा त्या शेडमधून गेलेल्या प्रत्येक गणपतीचे डोळे आईने हाताने आखले, आणि एकही मूर्ती शिल्लक राहिली नाही.