काल्दो म्हंजी गरम

खरं सांगा, नव्या इस्त्रीच्या खोक्यात निघणाऱ्या त्या बारा घड्यांच्या कागदाचं तुम्ही काय करता? मुंगीएवढी अक्षरं, सात-आठ भाषा. न उलगडताच फेकता ना? फेका. पण मग खुटबावच्या भामाबाईला अडाणी म्हणू नका.

भामाबाई सणसवाडीतल्या एका कारखान्यात झाडलोट करते. वय सेहेचाळीस. शाळा चौथीपर्यंत, तीही तुकड्यातुकड्यानं, कारण बाप हरिबा मेंढरं घेऊन हिंडायचा आणि सगळं बिऱ्हाड त्याच्या मागं. रस्त्याकडेचे दगड आणि पाट्या वाचत ती चालायची. पुढं मेंढरं गेली, शेती आली, तशी ती खताच्या गोणीवरून इंग्रजी अक्षरं जुळवू लागली. टॉर्चवर, पंपावर, घड्याळावर, जिकडं तिकडं ‘मेड इन’. तिला वाटलं, मेडीन म्हणून कुणी मोठा शेठ असणार. वरवंडच्या बाजारात तिनं विचारलंसुद्धा, "ह्या मेडीन शेठचा कारखाना हाय तरी कुठं?" अख्खं दुकान खो खो हसलं.

दुसरी असती तर मान खाली घालून निघून गेली असती. भामाबाई तिथंच उभी राहिली. म्हणाली, "हसून झालं आसंल तर अर्थ सांगा." सांगितल्यावरच हलली.

कारखान्यात तर तिला घबाडच सापडलं. परदेशातून माल यायचा, खोकी फुटायची आणि घडीचे कागद कचऱ्यात पडायचे. भामाबाई ते झटकून पिशवीत घाली. तिची युक्ती साधी. एकच वाक्य आठ भाषांत असतं. इंग्रजीतलं एक ओळखीचं गाठायचं, शेजारचं चित्र बघायचं आणि बाकीच्या सातांना कान धरून ओळीत बसवायचं. रोज एकच शब्द. तो चिठ्ठीवर मराठीत लिहून ज्याचा त्याला चिकटवायचा. तिच्या खोलीतल्या माठावर ‘फ्रेद्दो’, चुलाण्यावर ‘काल्दो’. इटालियनमधलं थंड आणि गरम. साहेबांच्या कॉफीमशीनच्या कागदावर वाफाळत्या कपाखाली तिला काल्दो भेटला होता. तिनं तो ‘कढ’ शब्दाला बांधून टाकला. कढ आला की काल्दो. पुन्हा विसरायची सोय नाही.

शेजारची गिताबाई म्हणायची, "भामे, इटलीला सोयरीक जुळवतीस काय गं?"

"जुळली तर तुला करवली नेते. गप."

मागच्या सोमवारी धुलाई शेडमध्ये जुनं इटालियन मशीन बसलं. पाण्याचे दोन कॉक, दोन्हींवर परदेशी शब्द. सुपरवायझर सोपानरावांनी त्यांच्याखाली मराठीत पट्ट्या चिकटवल्या, एक ‘थंड’, एक ‘गरम’. मंगळवारी सकाळी वरवंडच्या हर्षदानं हात विसळायला ‘थंड’ उघडला. मनगटापासून कोपरापर्यंत फोड आले. मशीन बंद करून सगळे धावले.

गुरुवारी शेडमध्येच चौकशी. टेबलाशी कार्यालयातल्या बाई आणि सोपानराव, पुढं हाताला बँडेज बांधलेली हर्षदा उभी. कागद तयारच होता: कामगारानं पट्टी न वाचता चुकीचा कॉक उघडला. खाली सही केली की ठेकेदार तिला घरी बसवणार, हे शेडमधल्या सगळ्यांना ठाऊक.

"मी थंडचाच उघडला सर," हर्षदा म्हणाली.

"सगळे असंच म्हणतात," सोपानराव म्हणाले. "मराठीत लिहून दिलं तरी वाचायचं नाही. मग काय चित्रं काढू?"

दारात पोछा मारणारी भामाबाई थांबली. मंगळवारी धावताना तिनंही ते कॉक पाहिले होते आणि तेव्हापासून तिच्या डोक्याला भुंगा लागला होता.

"साहेब, वरचं इटालियन कुणी वाचलं?"

"मावशी, तुम्ही झाडू मारा."

"मारती की. झाडू मारताना डोळं झाकायचं आसतंय व्हय?"

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. सोपानराव लाल झाले. "सी, ए, एल, डी, ओ. कोल्ड. शाळेतलं पोर सांगेल."

"कोल्डमधी ओ कुठं आसतो आन् हितं कुठं हाय, ते बघा. आन् ए कुठनं आला?" तिनं कमरेच्या पिशवीतून कॉफीमशीनचा कागद काढला, टेबलावर पसरला आणि वाफाळत्या कपावर बोट ठेवलं. "काल्दो. म्हंजी गरम."

"हा कागद कचऱ्यातला."

"कागद कचऱ्यातला आसंल. अक्षर न्हाई." आता तिचा आवाज शेडच्या पत्र्याला लागला. "ऱ्हाऊ द्या कागद. मशीन चालू करा आन् तुमच्या पट्टीवालं थंड पाणी सोडा. पयला हात तुम्ही घाला. थंडच हाय न्हवं? घाला!"

मशीन चालू झालं. कॉक उघडला. पाणी पडायला लागलं तशी वाफ वर आली. सोपानरावांचे दोन्ही हात पाठीमागं गेले ते गेलेच.

कार्यालयातल्या बाईंनी कागद फाडला. "बरं, ‘अपघात झाला’ एवढंच लिहू."

"न्हाई," भामाबाई म्हणाली. "पट्टी चुकीची व्हती, असं लिवा. न्हाईतर पोरीच्या नावावर डाग ऱ्हातो."

लिहिलं. हर्षदाला सही करायला लावण्याआधी भामाबाईनं एकेक ओळ मोठ्यानं वाचून घेतली. हर्षदा कामावर राहिली. भामाबाईची बदली मात्र दुसऱ्या दिवशी मागच्या भंगाराच्या यार्डात झाली. गप्प बसवायला. साहेबांना काय माहीत, सगळी खोकी शेवटी तिथंच येतात! चार दिवसांत तिनं जपानी ‘धोका’ ओळखायला सुरुवात केली आहे.

तर आता माझं मागणं. कामावर जिथं तुमचा हात रोज पडतो तिथली एक पट्टी आजच वाचा. भाषा कळली नाही तर विचारा, लोक हसले तरी विचारा, आणि अर्थ हातात आल्याशिवाय तिथून हलू नका.