कणगीखालची वाट

कस्तुराबाईला राग आला की ती आधी पदर खोचायची आणि मग तोंड उघडायची. पदर खोचलेला दिसला की कार्ल्यातल्या त्या आळीतली माणसं आपापल्या कामाला लागायची. तिला कजाग म्हणणारे लय होते. म्हणू देत. त्यातल्या एकानंही घरचं बी पंधरा वर्षं तुटू न देता राखलं नव्हतं.

बी म्हणजे आंबेमोहोर भाताचं. लग्न होऊन वडिवळ्याहून आली तेव्हा आईनं ओटीत घातलेलं. दर साली तेच पेरायचं, त्यातलं टपोरं निवडून पुढच्या सालाला कणगीत ठेवायचं. सासू एकदा पाव्हण्यांसाठी पायलीभर काढायला गेली, तर ही कणगीपुढं आडवी बसली. पाव्हण्यांनी नाचणीची भाकरी खाल्ली.

छत्तीस सालच्या वैशाखात तिनं कणगीच्या बुडाशी हात लावला आणि बोट सरळ आत गेलं. बांबूच्या कामट्यांचं पीठ झालेलं. वाळवी. रोहिणीची पेरणी वीस दिवसांवर आलेली.

तिचा नवरा भिमाजी लोणावळ्याला एका शेटच्या बंगल्यावर माळी होता. आठवड्यानं घरी यायचा, आणि आला की बंगल्याचंच कौतुक. त्याला कणगी दाखवली तर म्हणाला, "हात्तिच्या! आमच्या बंगल्यावर वाळवी झालती, तवा पुण्याचा मानूस आला. दोन दिसांत साफ. त्येलाच आनतो."

"त्यो लाकडाचा मानूस. हितं माजं बी हाय."

"वाळवी ती वाळवीच की गं! तुला काय कळतंय?"

पुढच्या खेपेला खरंच माणूस आला. डोक्यावर टोपी, खाकी अर्धी चड्डी, हातात पत्र्याची पेटी आणि पिचकारीसारखा पंप. उंबऱ्यात बूट काढा म्हटलं तर म्हणतो, "औषध सांडतं बाई, पाय भाजतील." कस्तुराबाईनं ते ऐकलं आणि पदराला हात घातला.

त्यानं घराच्या लाकडी मेढीवर दोनदा ठोकलं, कणगीकडं ढुंकूनही पाहिलं नाही. पेटीतनं पांढरी पूड काढून पाण्यात कालवायला लागला.

"काय हाय ह्ये?"

"ते तुम्हाला समजायचं नाही."

तिनं बोट पुढं केलं तसा तो ओरडला, "हात लावू नका! सोमल आहे. तोंडात गेलं तर खलास!"

"आन ह्ये तू माज्या कणगीला मारनार?"

"बाई, बुडाला मारल्याशिवाय कीड कशी जाईल? आतलं भात द्या टाकून. दुसरं आणा. शेटजींच्या बंगल्यात मी..."

"शेटजीच्या बंगल्यात तांदूळ दुकानातनं येतो!" ती अशी ओरडली की दारातल्या कोंबड्या उडाल्या. "तितं लाकूड वाचवायचं आसतं. हितं प्वाट वाचवायचंय. उचल तुजी पेटी. कालवलेलं पन ने. माज्या दारात एक थेंब सांडला तर तुलाच पाजीन!"

माणूस गेला. भिमाजीचं तोंड पडलं. शेटच्या ओळखीचा माणूस बायकोनं हाकलला, आता बंगल्यावर काय सांगायचं! तो चिडून म्हणाला, "जा, घालीव वाळवी तुजी तू! बघू तरी तुजा इलाज."

"बगाच."

मग तिनं बिब्बे आणले. बिब्ब्याचं तेल लाकडाला लावलं की कीड लागत नाही, हे गावात कुणालाही विचारा. पण ते काम थंड डोक्याचं. हिचं डोकं तापलेलं. बिब्बे ठेचले, कढईत तेलात कढवले, धूर डोळ्यात गेला तरी मान फिरवली नाही. मेढीला फासलं, कणगीला बाहेरनं फासलं. सकाळी उठली तर तोंड भोपळ्याएवढं, डोळे मिटलेले, कोपरापर्यंत हात टरटरून फुगलेला. बिब्बा अंगावर उतला होता. आणि वाळवी? तिनं चाचपून पाहिलं, तर कणगीचं बूड कालच्यापेक्षा दोन बोटं जास्त मऊ.

आळीतल्या बाया बघायला आल्या. खोबरं लावा म्हणाल्या आणि बाहेर जाऊन हसल्या. दाराशी ठाकरवाडीचा नवशा कारवीचा भारा टाकत होता. कूड घालायला कारवी तोच आणायचा.

"कस्तुरामावशी, त्वांड रागानं फुगलं का मालकानं फुगिवलं?"

"दात काडू नगंस, मुडद्या! माजं बी चाललंय."

बी म्हटल्यावर नवशाचं हसू थांबलं. त्यानं दारातनंच वाकून आत पाहिलं. ठाकरानं माजघरात यायचं नाही, अशी रीत. तिथूनच म्हणाला, "मावशी, कनगी दगडावर उबी हुती ना? दगडं कुटं गेली?"

"आतच हायती. उंदीर शिरत हुतं खालनं. म्या दिवाळीला लिपून घेतलं. माती, श्यान आन तूस."

"तूस?" नवशानं कपाळाला हात लावला. "अगं मावशी, वाळवीला ऊन नगं, वारा नगं. उगड्या दगडावर ती चढली आस्ती तर तुला दिसली आस्ती. तू तिला भुईपासनं कनगीपातूर झाकलेली वाट बांदलीस, वर खायला तूस घातलंस. भाईरनं बिब्बा लाव न्हाईतर आनकी काय लाव. ती आतनं चाललीया."

इतकी वर्षं कस्तुराबाई जगावर चिडली होती. त्या दिवशी चिडायला स्वतःशिवाय कुणी उरलं नाही. तिनं खुरपं घेतलं आणि फुगलेल्या हातानं ते लिंपण असं फोडलं, जसं काही त्यानंच तिचं वाटोळं केलं होतं. ढेकूळ उलटलं की पांढरी पांढरी कीड वळवळायची. आतनं मातीच्या नळ्या सरळ वर गेलेल्या.

"आत ये. कनगी उचलू लाग," ती म्हणाली.

भिमाजी पडवीतनं उठला. "अगं, ठाकराला माजघरात?"

"चार हात लागत्यात. बोलवा तुमचा टोपीवाला. त्यो बूट घालून आलता तवा तुमची रीत कुटं गेलती?"

भिमाजी खाली बसला. नवशा आत आला. दोघांनी कणगी अंगणात नेऊन उन्हात उपडी केली. दाणा न् दाणा सुपानं घोळला. पाच पायल्यांतल्या दोन हाती लागल्या. बाकीचं माती आणि टरफलं.

नवशानं दगडं झाडली, खाली राख पसरली. दगडांवर ठेवायला रॉकेलच्या डब्याचे पत्रे हवे होते, काठ बाहेर वाकवलेले, म्हणजे उंदीर चढत नाही आणि वाळवी आली तर दिसते. ते डबे भिमाजीनं बंगल्यावरनं आणले.

बंगल्यावर कुणी विचारलं तर भिमाजीला पुढं सांगावं लागायचं, की वाळवी ठाकरानं काढली. कस्तुराबाई मात्र स्वतःहून सांगायची, वाट मीच बांधली म्हणून. तिची चूक तिनं कुणाच्या माथी मारली नाही. कजाग म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

दोन पायल्यांत सगळं शेत होणार नव्हतं. भिमाजी म्हणाला, "वडगावच्या बाजारातनं बी आनू, मिसळून पेरू. कोन बगतंय?"

"मी बगतीया," ती म्हणाली.

घरचं बी तिनं वरच्या खाचराच्या राबात, रोपांच्या भाजलेल्या वाफ्यात, वेगळं पेरलं आणि बांधावर काटे लावले. खालच्या खाचरात बाजारचं भात लावलं. पीक दोन्हींचं बरं आलं. वरचं सगळं कणगीत गेलं, बियाला. खालचं घरात शिजलं. पण ताटात वाढताना ती वर्षभर एकच वाक्य म्हणायची.

"जेवा. तुमच्या शेटजीवानी दुकानातलं हाय."